झऱ्याची ओटी

मुलांनो, सरळ बसा. गोष्ट तळ्याची आहे, आणि हे तळे एका जंगलात नव्हते. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

तळे तीन जंगलांच्या मधोमध होते. एका काठावर वाघाचे राज्य, दुसऱ्यावर गव्याचे, तिसऱ्यावर अस्वलाचे. प्यायला तळे तिघांचे होते. साफ करायला कोणाचेच नव्हते.

वाघ चघळलेली हाडे पाण्यात टाकी. गव्यांच्या कळपाचे शेण ओघळून पाण्यात येई. अस्वल मोहाची दारू गाळी आणि चोथा पाण्यात लोटून देई. मग तिघेही नाक दाबून म्हणत, "शेजारी फार घाणेरडे मिळाले हो."

या तळ्यात सगुणा नावाची मरळ राहत होती. मरळ हा दणकट मासा. चिखलातून सरपटत जमिनीवर येतो आणि थोडा वेळ दम धरतो. सगुणेला नुकतीच पिल्ले झाली होती. तांबूस, मोहरीएवढी. आईच्या डोक्याभोवती ती ढगासारखी फिरत.

सगळे तळे हिरवे आणि दाट झाले होते. फक्त एका कोपऱ्यात, खडकाखाली, झरा होता. तेवढेच पाणी नितळ. पिल्ले तिथेच जगत होती. तिथून बाहेर गेलेले पिल्लू परत येत नसे.

अखेर तळे वाचवण्यासाठी तिन्ही राज्यांची परिषद भरली. ती टेकडीवर भरली, कारण तळ्याकाठी वास मारत होता. माशांनाही रीतसर निमंत्रण होते. एकही मासा टेकडी चढून आला नाही, तेव्हा गवा म्हणाला, "बघा! ज्यांच्यासाठी मरमर करायची, त्यांनाच किंमत नाही."

सगुणेने मात्र जायचे ठरवले. शेजारच्या बेडकाने तिला अडवले.

"वहिनी, नका जाऊ. तिथं तुमच्यासारखीला पानात वाढतात."

"वाढू देत," सगुणा म्हणाली. "पण आधी माझं ऐकतील ना?"

गवत दवाने ओले होते तोवर ती निघाली. पोट खरचटले. कल्ले सुकायला लागले. वर पोहोचली तेव्हा दोन शब्द बोलण्यापुरताच दम उरला होता.

"महाराज, माझं एवढंच म्हणणं..."

"थांबा बाई!" परिषदेचे चिटणीस साळिंदर ओरडले. "बोलणं मागाहून. आधी सत्कार."

तळ्यातून प्रत्यक्ष कोणीतरी आले, याचा सर्वांना फार आनंद झाला होता. सगुणेच्या अंगावर उबदार लोकरी शाल घालण्यात आली. अंगावर होता नव्हता तो ओलावा शालीने पिऊन टाकला. नारळ धरायला तिला हात नव्हते, म्हणून तो तिच्या शेपटीवर ठेवला. टाळ्या झाल्या.

मग चर्चा. वाघ म्हणाला, "आमची हाडं आमच्याच काठाला टाकतो. वाहत तुमच्याकडे येतात, त्याला आम्ही काय करणार?"

"शेणाचंही तेच आहे," गवा म्हणाला.

अस्वल म्हणाले, "मग दोष वाऱ्याचा. वाऱ्याला नोटीस काढा."

वाऱ्याला नोटीस काढली. तो आला नाही.

सगुणेने उरलासुरला श्वास एकवटला. "झऱ्याचा कोपरा तेवढा सोडा. तिथं काही टाकू नका. माझी पोरं आहेत तिथं."

झऱ्याची कोणालाच खबर नव्हती. त्या कोपऱ्यात हाडे जात नव्हती, शेण जात नव्हते, चोथाही जात नव्हता. म्हणजे कोणालाच काही बंद करावे लागणार नव्हते. मुलांनो, असे असले की एकमत व्हायला वेळ लागत नाही.

"आईचं काळीज!" वाघाने डोळे पुसले. "झरा आजपासून संरक्षित!"

आता या तिन्ही जंगलांची एक रीत होती. पाण्याचे शुभकार्य ठरले, की पाण्याची ओटी भरायची. त्याशिवाय ते पक्के होत नसे.

"ओटी नको, महाराज," सगुणा कळवळली. "काही टाकू नका, हेच तर सांगायला आले."

साळिंदर रागावले. "अहो बाई, हे टाकणं नव्हे. हे अर्पण आहे!"

सगुणेला शालीसकट उचलून वाजतगाजत मिरवणूक झऱ्यावर आली. वाघाने नारळ, खण, तांदूळ आणि हार पाण्यात सोडला. गवा मागे राहील कसा? त्याने टोपलीभर सोडले. अस्वलाने गोणीच उपडी केली. वर हळद आणि कुंकू. नितळ पाणी आधी पिवळे झाले, मग लाल, मग दिसेनासे झाले.

शेवटी शिळा आणली. तिच्यावर साळिंदरांनी सुबक अक्षरांत कोरले होते : 'येथे काहीही टाकू नये.' गव्याने शिंगांनी ती शिळा झऱ्यात ढकलली. ती बरोबर झऱ्याच्या तोंडावर बसली. आवाज मोठा झाला. टाळ्या त्याहून मोठ्या झाल्या.

त्या गोंधळात सगुणा शालीतून निसटली आणि पाण्यात पडली. कुंकवातून चाचपडत तिने सापडतील तेवढी पिल्ले तोंडात धरली. बरीच सापडली नाहीत. ती काठावर चढली आणि सरपटत वाटेवरच्या एका खड्ड्यात शिरली. गव्याच्या खुराने पडलेला, पावसाचे पाणी साचलेला खड्डा. इतका लहान, की कोणत्याच राज्याने त्याच्यावर हक्क सांगितला नव्हता. पिल्ले तिच्या डोक्याभोवती पुन्हा फिरू लागली. आता ढग नव्हता, चिमूटभर होती.

मागोमाग बेडूक आला. "वहिनी, जागा झकास आहे हो! पुढच्या परिषदेत सांगू का हिच्याबद्दल?"

"तोंड उघडलंस तर गिळीन," सगुणा म्हणाली.

तात्पर्य : तिघे भांडतात तोवर तळे नुसते घाण होते, तिघांचे एकमत झाले, की बुजते. तेव्हा बाळांनो, जवळ चांगले पाणी असेल, तर ते वाचवायला कोणाला बोलावू नका.