डिकीतला पुढारी

गाडी वळली की मागून आवाज यायचा. टक्. मग जरा थांबून, टक् टक्. सरळ रस्त्याला गप्प, वळणावर टक्, आणि ब्रेक मारला की दोनदा.

दत्ताराम परुळेकरला तो आवाज हल्ली झोपेतही ऐकू यायचा. परळला पोयबावडीजवळ त्याची खानावळ. गिरणीची पाळी सुटली की माणसं दारात ताटकळत उभी, एवढी चालती. त्या खानावळीच्या जोरावर त्याने चार दारांची, फिकट हिरवी गाडी घेतली. एका डॉक्टरने वापरलेली, पण कंपनीच्या एजन्सीतून, एजन्सीच्या हमीवर. चाळीतली ती पहिलीच गाडी, त्यामुळे ती एकट्या दत्तारामची कधी नव्हतीच. येणारा-जाणारा टायरला लाथ मारून हवा बघायचा आणि मान डोलवून पुढे जायचा, जसा काही हप्ता त्यानेच भरलाय.

आवाज सुरू झाला तशी चाळीने त्याच्यावरही हक्क सांगितला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा भिवा म्हणाला, "धोटा आपटतो ना, तसाच वाजतोय. पट्टा बदल."

"गाडीला पट्टा नसतो रे मागे."

"मग बसव."

हे सगळं चाललं असतं वर्षभर. पण मध्ये शामराव आले. शामराव म्हणजे दत्तारामच्या बायकोचे, कौसल्येचे, थोरले भाऊ. गिरगावात ठाकूरद्वारला राहायचे, सचिवालयात हेडक्लार्क. रविवारी खानावळीत सगळ्यांबरोबर पंगतीला बसले आणि सोलकढीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "भावोजी, राग नका मानू. गाडी हे आपल्यासारख्यांचं काम नाही. आमच्या साहेबांना अशीच हवीय. नव्या गाडीला नंबर लावून बसलेत बिचारे, नंबर काही येत नाही."

"विकायला नाही घेतली मी, शामराव."

"मग काय वाजवायला घेतली? येताना बसलो होतो ना मी. ताशा पथकात बसल्यासारखं वाटलं."

पंगत हसली. दत्तारामच्या हातात वाढायची पळी होती, ती तशीच धरून तो म्हणाला, "येत्या रविवारपर्यंत आवाज गेला नाही, तर न्या गाडी तुमच्या साहेबाला."

भर पंगतीत दिलेला शब्द. खानावळवाल्याने पंगतीत शब्द मोडला तर उद्या लोक त्याच्या डाळीवरही विश्वास ठेवणार नाहीत. आणि शामराव असे चोख, की सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या साहेबांच्या कानावर घालून मोकळे.

सोमवारी दत्ताराम गाडी घेऊन निघाला. जिन्यावरून आई, कमलाबाई, ओरडली, "झिला, खंय चललंस?"

"एजन्सीत, आये."

"मगे थांब. नारळ काढून घेतंय."

गाडी आली त्या दिवशी कमलाबाईने गावच्या रवळनाथाचा नारळ लाल फडक्यात बांधून डिकीत ठेवला होता. गाडीची राखण त्याने करायची. पण एजन्सीतले लोक डिकीत तेलाचे हात घालणार, ते तिला पटायचं नाही. म्हणून गाडी एजन्सीत जायची तेव्हा देव वरच्या खोलीत राहायचा आणि परत आली की पुन्हा ड्युटीवर. दत्ताराम या सगळ्यात पडत नसे. त्याच्या डोक्यात फक्त टक् टक् होतं.

एजन्सी चौपाटीच्या बाजूला. तिथले मुख्य मिस्त्री सोराबजी, पांढरा डगला, पोट असं की स्टिअरिंग त्यावर टेकून आपोआप वळायचं. त्यांनी गाडी चौपाटीभोवती गरगर फिरवली. वळवली, दाबून ब्रेक मारले. गाडी चकार शब्द बोलेना.

"डिकरा, आवाज कुटे हाय?"

"काल होता, साहेब."

"काल तर माजा दात पन दुखत होता. आज नाय दुखत."

दत्ताराम खूश होऊन परत आला. कमलाबाईने नारळ जागेवर ठेवला. संध्याकाळी कौसल्येला दादरला बाजारात नेताना पहिल्याच वळणावर, टक्.

कौसल्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आली माहेरून परत."

बुधवारी पुन्हा एजन्सी. गाडी रात्रभर ठेवून घेतली. स्प्रिंगांना तेल दिलं, रबर बदलले, दारं काढून लावली. सोराबजींनी स्वतः मागच्या सीटवर बसून डोळे मिटून ऐकलं, एवढं लक्ष देऊन की त्यांना डुलकी लागली. आवाज नाही. गाडी घरी आली, नारळ आत गेला, आणि लालबागच्या वळणावर पुन्हा टक् टक्.

शुक्रवारी दत्ताराम एजन्सीत गेला तो रडकुंडीला येऊन. "सोराबजीसाहेब, माझी गाडी तुम्हाला घाबरते. तुमच्यासमोर आवाज काढत नाही. आणि रविवारी ती माझी राहणार नाही." त्याने शामराव, साहेब, पंगत, सगळं सांगितलं.

सोराबजी गंभीर झाले. इतक्या वर्षांत कुठल्या गाडीने त्यांना असं फसवलं नव्हतं. "असा कर. रविवारी मी तुज्या घेरे येते. डगला नाय घालनार. गाडीला सांगायचा नाय मी एजन्सीचा हाय ते. मी पाव्हना. काय देते तू जेवायला?"

"सुरमई."

"मग नक्की येते."

रविवारी सोराबजी रेशमी शर्ट घालून आले. सुरमई झाली, भात झाला, पुन्हा सुरमई झाली. मग ढेकर देऊन ते म्हणाले, "चल, जरा हवा खाऊ."

कमलाबाई जिन्यावरच होती. "खंय? एजन्सीत?"

"नाही गं आये, इथेच एक चक्कर."

"मगे जावा." आणि ती वर गेली.

गाडी गल्लीतून बाहेर वळली. टक्. सोराबजींनी गाडी उभीच केली. हरवलेलं माणूस जत्रेत भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "बोलली रे. बोलली."

पुढच्या वळणावर पुन्हा बोलली. पण कुठून ते कळेना. कधी डावीकडून वाटायचं, कधी खालून. शेवटी सोराबजी म्हणाले, "आतून ऐकायला पायजे. कोन तरी डिकीमंदी झोपला पायजे." दोघांनी सोराबजींच्या पोटाकडे पाहिलं. मग दत्तारामने चपला काढल्या आणि तो डिकीत शिरला. सोराबजींनी हवेला फट राहावी म्हणून झाकणात फडकं अडकवलं आणि झाकण लावलं.

आत काळोख. गाडी निघाली, वळली, आणि काहीतरी गडगडत येऊन दत्तारामच्या कपाळावर बसलं. टक्. ब्रेक लागला तसं ते परत गेलं आणि स्टेपनीवर आपटलं. टक् टक्. त्याने चाचपून धरलं. फडकं, फडक्याची गाठ, गाठीतून डोकावणारी शेंडी.

दत्तारामला सगळा आठवडा एकदम दिसला. आई जिन्यावरून उतरतेय, नारळ घेऊन वर जातेय, नारळ घेऊन खाली येतेय. तो काळोखात एकटाच हसला. मग त्याने सोराबजींना थांबवायला झाकणावर मूठ आपटली. ठक्. ठक्. ठक्.

पुढे स्टिअरिंगवर सोराबजी खूश झाले. "आता बराबर बोलते." आणि त्यांनी गाडी आणखी दामटली. दत्तारामने दोन्ही मुठी लावल्या आणि हाका मारायला सुरुवात केली. सोराबजींनी कान टवकारले. "अरे, आता तर घरघर पन हाय. गिअरबॉक्स गेला वाटते."

लालबागला त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा यायचा होता. नाक्यावर पोलिसांचा बंदोबस्त. हवालदाराने हात करून गाडी थांबवली. गाडी थांबली तरी ठकठक थांबली नाही.

"मागे काय वाजतंय?"

"तेच तर शोधते हाय," सोराबजी अभिमानाने म्हणाले. "आठवडा झाला. आज पैल्यांदा एवढा मोकळा बोलते."

"डिकी उघडा."

उघडली. आत दत्ताराम, गुडघे हनुवटीला, केसांत धूळ, छातीशी लाल गाठोडं.

"कोण तुम्ही?"

"मी मालक."

"कशाचे?"

"या गाडीचा."

"मग पुढे बसलेत ते?"

"एजन्सीचे."

हवालदाराने टोपी मागे सारली. "एजन्सीवाला पुढे आणि मालक डिकीत?"

"आवाज शोधत होतो. सापडला. हा बघा," म्हणत दत्तारामने गाठोडं उंच धरलं. सगळे पोलीस दोन पावलं मागे सरले.

"ते हळू खाली ठेवा."

"नारळ आहे हो."

"सोडा, बघू."

"रवळनाथाचा आहे. आईला विचारल्याशिवाय सोडता नाही यायचा."

आणि नेमका तेव्हाच मोर्चा नाक्यावर आला. पुढच्या माणसांना दिसलं ते एवढंच: डिकीतून निघालेला एक माणूस, भोवती पोलीस, आणि तो काही केल्या हातातलं लाल गाठोडं देत नाही.

"कोण रे तो?"

"भूमिगत पुढारी दिसतोय. डिकीतून आणलाय."

"नाव काय त्याचं?"

"तो भूमिगत आहे. आपल्याला नाव ठाऊक असतं तर कसला भूमिगत?"

हे सगळ्यांनाच पटलं. घोषणांनी नाका दणाणला, कोणीतरी आपल्या गळ्यातला हार काढून दत्तारामच्या गळ्यात घातला आणि त्याला उचलून बंपरवर उभं केलं. "दोन शब्द बोला."

दत्तारामने जन्मात भाषण केलं नव्हतं. पण समोर भुकेली, घामेजलेली, रेटारेटी करणारी माणसं होती, आणि अशा माणसांशी काय बोलायचं हे त्याला रोजचं पाठ होतं. "मंडळी, धक्काबुक्की करू नका. जरा दम धरा. सगळ्यांना मिळणार. कोणी तसाच परत जाणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या खात्रीने बोलणारा पुढारी लालबागने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

हवालदार त्याच्या कानाशी आला. "मालक, मीही तळकोकणातला. नारळाचं कळलं मला. आता तुम्ही निघा, नाहीतर मला तुम्हाला खरंच धरावं लागेल."

घरी येऊन कमलाबाईची समजूत घालण्यात उरलेली दुपार गेली. देवाचा नारळ हलवायचा नाही, हे तिचं म्हणणं. हलवतेस तूच, हे दत्तारामचं. "मी हातान नेतंय, तो गडगडत नाय," ती म्हणाली. शेवटी कौसल्येने तोड काढली. नारळ पुढे, काचेखालच्या फळीवर, सुतळीने पक्का बांधायचा. देवालाही रस्ता दिसेल. हे कमलाबाईला आवडलं. सोराबजींनी रात्रीसाठी सुरमईच्या दोन तुकड्या बांधून घेतल्या आणि ते समाधानाने घरी गेले.

संध्याकाळी शामराव हजर. "काय भावोजी, रविवार आला."

"आवाज गेला, शामराव."

"बघतो ना. मला ठाकूरद्वारला सोडा."

शामराव कोट घालून मागे बसले. भायखळा आलं, गेलं. वळणं आली, सिग्नल आले. गाडी मांजरासारखी गुपचूप चालली होती. शामरावांनी आधी एक कान पुढे केला, मग दुसरा. "गेला खरा," ते शेवटी म्हणाले. "पण भावोजी, मी पंचाईतीत आहे. साहेबांना मी जवळजवळ हो म्हटलंय. आणि आता तर गाडी अगदी फर्स्ट क्लास झाली. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे."

दत्तारामने स्टिअरिंग घट्ट धरलं. बायकोचा थोरला भाऊ, आणि वर बढती. पंगतीतला शब्द जिंकूनही गाडी जाणार, हे त्याला दिसायला लागलं.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर सभा सुटत होती. गर्दीतून कोणीतरी बोट केलं. "अरे, हीच ती हिरवी गाडी. लालबागची." बघता बघता गाडीला गराडा पडला. "पुढारी कुठे आहेत?"

दत्ताराम दमला होता. त्याच्यात आता पुन्हा बंपरवर चढण्याचं त्राण नव्हतं. त्याने अंगठा मागे केला. "मी नुसता चालवतो. ते मागे बसलेत."

शामरावांचं तोंड पांढरं पडलं. सरकारी नोकर माणूस. पण दार उघडलं गेलं, हात आत आले, आणि सचिवालयातला हेडक्लार्क कोटासकट गाडीच्या पायरीवर उभा राहिला. "साहेब, घोषणा द्या."

शामरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. साहेब कुठे दिसत नव्हते. "संयुक्त महाराष्ट्र," ते ओठातल्या ओठात पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"संयुक्त महाराष्ट्र."

"झालाच पाहिजे," सगळा नाका गरजला, आणि तो गरजला तसं शामरावांच्या आत काहीतरी मोकळं झालं. पुढची घोषणा त्यांनी अशी दिली की वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. त्यात शामरावांच्या शेजारी राहणाऱ्या राधाबाईही होत्या. त्यांनी शामरावांना दूधवाल्याशीसुद्धा चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग ते थांबेनात. शेवटी दत्तारामला कोट धरून त्यांना आत ओढावं लागलं.

घर आलं तरी शामराव उतरले नाहीत. गळ्यात झेंडूचा हार, घसा पार बसलेला. सीटवरून हात फिरवत बसले होते.

"पुढच्या रविवारी मोर्चा कुठून निघणार आहे हो?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"परळहूनच असेल. का?"

"मी सकाळीच येतो तुमच्याकडे. जेवायलाही येतो."

"या की. पण गाडी? साहेबांचं काय?"

शामराव उतरले. हार नीट केला. खिडकीत वाकून म्हणाले, "साहेबांना उद्या सांगतो, मागून फार आवाज येतो. एजन्सीलासुद्धा सापडत नाही."