कोणीही पाहू नये असा फोटो

गोपनीय शाखेच्या अधीक्षकांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला समाजमाध्यमावर खातं उघडायची परवानगी दिली, ती तत्त्वतः. तत्त्वतः म्हणजे हो म्हणायचं आणि होऊ द्यायचं नाही. त्यांच्या कार्यालयात सगळ्याच गोष्टी आधी तत्त्वतः मंजूर होत, आणि मागणारा निवृत्त झाला तरी तशाच मंजूर राहत.

अधीक्षक म्हणजे साधी असामी नव्हे. उभी नोकरी गोपनीय शाखेत गेलेली. दारावर 'गोपनीय' अशी ठळक पाटी, आत लोखंडी कपाटं, प्रत्येक कपाटाला दोन कुलपं, आणि आत नेमकं काय आहे हे खुद्द अधीक्षकांनाही ठाऊक नव्हतं. गोपनीयता पाळायची तर अशी पाळावी. मग या माणसाच्या पोटच्या पोरीचं खातं उघडं-वाघडं राहील, हे कसं शक्य होतं?

"खातं खाजगी ठेवायचं," अधीक्षक जेवता जेवता म्हणाले. "कोण बघेल, कोण लिहील, फोटोवर कोण नाव जोडेल, सगळं मी ठरवणार."

"खातं मी आधीच उघडलंय, बाबा, आणि खाजगीच ठेवलंय," भिंगरी म्हणाली. घरात तिला भिंगरीच म्हणत, कारण पोरगी एका जागी बसेल तर शपथ. "माझ्या खात्यावर तीनच मैत्रिणी आहेत, बाकी कोणाला काही दिसत नाही. दिसतं ते तुमच्या खात्यावर. तो फोटो काढून टाका ना."

तो फोटो. भिंगरी लहान असताना अधीक्षकांनी स्वतः काढलेला आणि कौतुकाने स्वतःच्या खात्यावर टाकलेला. त्याला लोकांनी ढिगाने अंगठे दिले होते. अख्ख्या नोकरीत अधीक्षकांच्या कुठल्या कामाला एवढी पसंती मिळाली नव्हती, त्यामुळे त्या फोटोवर त्यांचा भारी जीव. पण जुन्या शाळेत तो कोणाच्या तरी हाती लागला आणि पोरीचं जगणं नकोसं झालं. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयात लपून बसायला लागली. शेवटी आईने शाळा बदलायचं ठरवलं. सोमवारपासून नवी शाळा, आणि तिथे तो फोटो अजून कोणी पाहिलेला नव्हता. तो तिथे पोचायच्या आत नाहीसा व्हावा, एवढंच भिंगरीला हवं होतं.

"काढून टाका हो एकदाचा," आई म्हणाली. "एक बटण तर दाबायचंय."

"बटण!" अधीक्षकांच्या घशात घास अडकला. "उद्या कोणी विचारलं, कोणाच्या आदेशाने काढला, तर? नष्ट करायचीसुद्धा एक पद्धत असते."

पद्धत खरोखरच होती. गोपनीय शाखेत एखादा कागद नष्ट करायचा, तर तो ज्यांच्याकडे असू शकतो त्या सर्वांना आधी कळवतात. आणि भलताच कागद नष्ट होऊ नये म्हणून ओळखीपुरती त्याची एक प्रत सोबत जोडतात. पूर्वी एकदा अशाच एका गोपनीय कागदाची नष्ट करण्यापूर्वी एवढी वाटणी झाली, की तो चहावाल्यापर्यंत पोचला. पण पद्धत चुकली असं कोणी म्हणू शकलं नाही.

त्याप्रमाणे शनिवारी सकाळी नातेवाइकांच्या गटावर अधीक्षकांचा संदेश आला: 'सर्वांस कळवण्यात येते की, सोबतचा फोटो अत्यंत खाजगी असून तो कोणीही पाहू नये. ज्यांच्याकडे असेल त्यांनी नष्ट करून तसे कळवावे. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी फोटो नीट पडताळून, नसल्याचे कळवावे.'

नातेवाईक कामाला लागले. मोठ्या आत्याने लिहिलं, "अगं बाई, हा माझ्याकडून बघायचा राहूनच गेला होता!" मामाने हसून हसून रडणारे चेहरे ओळीने पाठवले. चुलत काकांनी नष्ट केल्याचं तत्परतेने कळवलं आणि नेमकं काय नष्ट केलं याचा पुरावा म्हणून तोच फोटो परत जोडला. काकूंनी आपल्या मैत्रिणींना पाठवला. 'बघा, आमचे भावजी मुलीच्या बाबतीत किती दक्ष आहेत!'

भिंगरीने आईच्या मोबाइलवर हे सगळं पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. बराच वेळ उठलीच नाही.

"बाबा, तुम्ही तो सगळ्यांना पाठवलात?"

"पाठवला नाही, बाळा. कोणी पाहू नये म्हणून निदर्शनास आणला."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" आई कडाडली. "आगीतून पोरगी बाहेर काढायची, तर तुम्ही तिला फुफाट्यात लोटताय!"

माणूस वाईट नव्हता हो. लेकीचा उतरलेला चेहरा बघून अधीक्षकांना गलबलून आलं. आपण काम अर्धवट केलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. नातेवाइकांचा बंदोबस्त झाला, पण नव्या शाळेचं काय? तिथे फोटो अचानक पोचला तर? कोणी अनभिज्ञ राहू नये म्हणून त्यांनी त्याच दुपारी मुख्याध्यापिकाबाईंना सविस्तर कळवलं. फोटो अर्थातच सोबत होता.

बाई भलत्याच कार्यक्षम निघाल्या. त्यांनी संध्याकाळपर्यंत बालगोपनीयता दक्षता समिती नेमली आणि समितीने सर्व पालकांना सूचना धाडली: 'आपल्या पाल्याने पुढील फोटो पाहू नये, याची दक्षता घ्यावी.' पालकही जबाबदार. कुठला फोटो बघायचा नाही हे मुलांना कळणार कसं? त्यांनी रविवारी मुलांना जवळ बसवून तो दाखवला.

सोमवारी भिंगरी शाळेच्या फाटकाशी पोचली, तेव्हा रखवालदाराने तिला निरखून पाहिलं आणि तो मायेने म्हणाला, "तूच ना ती? आत जा बाळ, घाबरू नकोस. आम्ही कोणीही तो फोटो बघत नाही."

आठवडा सरायच्या आत शाळेने अधीक्षकांचा सत्कार ठेवला. सभागृह भरलेलं, विषय 'मुलांची गोपनीयता आणि आपण', आणि वक्त्याच्या पाठीमागे भिंतभर तो फोटो. शेवटच्या रांगेतल्यांनाही नीट दिसावा, ही समितीची सूचना.

"असा फोटो," अधीक्षकांनी मागे हात केला, "कधीही कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये!"

सभागृह हसलं. आपलं भाषण रंगतंय असं वाटून अधीक्षकही हसले. तेवढ्यात त्यांना पहिल्या रांगेत भिंगरी दिसली. ती रडत नव्हती. बापाकडे अशी बघत होती, जसं आपण चुकीच्या पत्त्यावर आल्यावर दारावरच्या पाटीकडे बघतो. मग ती उठली आणि हळूहळू चालत बाहेर गेली.

अधीक्षकांनी मोबाइल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणाच्याही आदेशाविना, बटण दाबलं. त्यांच्या खात्यावरचा फोटो गेला. वळून पाहतात तर भिंतीवर तो जसाच्या तसा, आणि समोर प्रत्येक हातात एकेक मोबाइल उंच धरलेला.

"बंद करा! बाई, हा फोटो बंद करा!" ते ओरडले.

"तत्त्वतः मान्य आहे, साहेब," मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत समितीपुढे ठेवते."

ही गोष्ट सांगण्याआधी भिंगरीला विचारलं. आपल्यालाही कोणी विचारतं, याचंच तिला नवल वाटलं. "सांगा," ती म्हणाली, "फक्त फोटोत काय आहे, ते सांगू नका."

म्हणून ते सांगितलेलं नाही. आणि तुम्ही मघापासून तेवढ्याचीच वाट बघत होतात. आता सांगेल, मग सांगेल, निदान शेवटी तरी सांगेल. लाजू नका. त्या सभागृहातल्या लोकांचंही एवढंच म्हणणं होतं: बघायचा नव्हता हो, नुसतं माहीत असावं म्हणून.