किसननानांची बुर्जी

आमचे शेजारी किसननाना बुद्धिबळाचा प्रत्येक डाव एकाच चालीने उघडतात. अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे. मी म्हणायचो, "नाना, लोक मधलं प्यादं काढतात."

"मधी गर्दी लई. आपण मेंढरंवाले, कडंकडंनं चालावं."

मेंढरं कोंडली की नाना आमच्या ओट्यावर पट मांडतात. समोरच्याचा मोहरा उचलताना "चल बाबा, सावलीला बस" म्हणतात. वजीर असला तर आधी "माफी असावी." हे ऐकता ऐकता आपण हरतो कधी, तेच कळत नाही. मी रोज हरतो आणि रोज थक्क होतो.

यंदा बीडच्या स्पर्धेत मीच त्यांचं नाव दिलं. शेवटच्या फेरीत गाठ पडली माजलगावच्या एका वकिलांशी. वकील अर्ध्या गुणाने पुढे होते; नाना जिंकले तरच चषक पहिल्यांदा आमच्या वडवणीला येणार होता. त्यांनी कडेचं प्यादं सरकवलं, तसे वकील गालात हसले. तासाभरात त्यांना घाम फुटला. हाच का तो आमच्या ओट्यावरचा माणूस?

अखेर वकिलांकडे राजा आणि एक प्यादं, नानांकडे राजा आणि हत्ती. नानांनी तेही प्यादं मारलं आणि एकदम हात पुढे केला.

"बुर्जी! बरोबरी."

जुन्या देशी खेळात समोर नुसता राजा उरला की ती बुर्जी, डाव बरोबरीत सुटतो. स्पर्धेत असलं काही नसतं. पण वकिलांनी तो हात झटकन धरला, पंचांनी अर्धा-अर्धा गुण दिला आणि चषक गेला माजलगावला.

परतीच्या एसटीत मी भडकलोच. "नाना, मात तुमच्या हातात व्हती! इथं बुर्जी चालत न्हाई, सांगितलं व्हतं ना मी?"

"सांगितलतं की. ध्यानात व्हतं."

"मग कावून?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"तुही काकू लई खेळायची माह्यासंगं. तिचा राजा एकला पडला की म्हणायची, आता बास, बुर्जी. ती गेली, पोरं पुण्याला. घरात मी एकलाच. त्या राजाकडं बघितलं, अन् हातच उठंना बघ."

माझा सगळा राग उतरला. एवढा मोठा माणूस आपल्या भिंतीपलीकडे राहतो आणि आपण त्याच्या चालीच बघत बसलो, असं वाटलं.

वडवणीला उतरल्यावर नाना त्यांच्या दाराकडे वळले. मी त्यांचा हात धरला. "आज आमच्याकडं जेवा, नाना."

एरवी दहा सबबी सांगणारे नाना मुकाट माझ्यामागे आले.