दीपस्तंभ, इंजिन आणि सासूबाईंची कवळी

चहा उकळेपर्यंत उरकेल, असं वाटून माणूस जी कामं हातात घेतो ना, तीच त्याला महागात पडतात. ठोक्याच्या बाबतीत ते काम म्हणजे गाण्यांची क्रमवारी लावणं.

ठोक्या हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कॉलेजात बाक, डबा, पुढे बसलेल्याची पाठ, हाताला लागेल ते तो बडवत असे. पुढे पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले (थोडे कानांत उगवले), पण नाव तेवढं टिकलं. त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त आणि आता धंद्यातला भागीदार म्हणजे बांबू. उंच, सरळ, आणि ठोक्याच्या मते आतून थोडा पोकळ.

दोघं मिळून दातांच्या कवळ्या बनवत. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येत, त्यांवरून प्लास्टरचे साचे होत, साच्यावर मेण आणि मेणात दात. वरची कवळी ठोक्या करायचा, खालची बांबू. मग दोघं एका टेबलाशी बसून वरचे दात खालच्यांवर टेकवत, मध्ये निळा कागद धरत, डाग पडेल तिथे हलकेच घासत आणि दोन्हींचा मेळ बसवत. आणि हे सगळं चाललेलं असताना मागे एकच बँड वाजत असे.

बँडचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की तुमच्यातले निम्मे जण ‘छे, त्यांच्यापेक्षा ते दुसरे बरे’ म्हणत उठतील, आणि ही सगळी भानगड अशाच एका ‘छे’पासून सुरू झाली. एवढंच सांगतो की चार लांब केसांचे गृहस्थ होते, त्यांनी जाड तारांच्या गिटारी आणि भलामोठा ड्रम घेऊन आपल्या तरुणपणी जगाच्या कानठळ्या बसवल्या, आणि ठोक्या-बांबूच्या कानांतून त्या अजून उतरलेल्या नाहीत.

तर झालं असं, की शिकायला परगावी असलेल्या ठोक्याच्या मुलीचा फोन आला. “बाबा, माझ्या मैत्रिणीला तुमचा तो बँड ऐकायचाय. चांगली दहा गाणी कळवा. आणि क्रमाने हं, सगळ्यात भारी पहिलं.”

मुलीने आपणहून बाबांच्या बँडची चौकशी करावी, हा प्रसंग ठोक्याच्या आयुष्यात पहिलाच. लहानपणी ती हा बँड लागला की कानात बोटं घालून आजीकडे जायची. त्याचा ऊर भरून आला. त्याने हातातला जबडा बाजूला ठेवला आणि लिहिलं : पहिला नंबर, दीपस्तंभ.

हे गाणं म्हणजे वादळातल्या एका दीपस्तंभाबद्दल आहे. निदान ठोक्याची तशी समजूत आहे, कारण शब्द आजवर कुणालाच लागलेले नाहीत. पण मधे जो ड्रम वाजतो! नुसता ड्रम. बाकीचे तिघे बहुधा त्या वेळात जेवून येत असावेत.

बांबूने खांद्यावरून डोकावून पाहिलं. म्हणाला, “छे.”

“काय छे?”

“पहिलं दीपस्तंभ? पोरीच्या मैत्रिणीला झोपवायचंय का? पहिलं इंजिन.”

इंजिन म्हणजे गंजलेल्या इंजिनाचं गाणं. त्यात ड्रम बेताचा, पण गिटार अशी काही किंचाळते की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली येतात.

“इंजिन फार तर चौथं,” ठोक्या म्हणाला.

“चौथं?” बांबूच्या हातातली सुरी मेणात रुतली. “तुला ड्रम सोडून काही ऐकूच येत नाही, हे मी कॉलेजात असल्यापासून बघतोय.”

“आणि तुला ठेका कशाशी खातात ते माहीत नाही, हे अख्ख्या कॉलेजाने पाहिलंय.”

“कॉलेजाने तुला पाहिलंय! भर कार्यक्रमात ठेका कुणी सोडला? लोक उठून गेले.”

“लोक तू गायला लागलास म्हणून उठले.”

कॉलेजातला तो कार्यक्रम या दोघांच्या स्वतःच्या बँडचा पहिलाच होता आणि शेवटचाही. इतकी वर्षं दोघांनीही तो विषय कधी काढला नव्हता. आता निघाला तसा बाकीचंही बाहेर आलं. खिडकी कोण उघडी टाकतं, प्लास्टरची पिशवी कोण सांडतं, आणि खरं म्हणजे खालची कवळी बसवणं वरचीपेक्षा किती अवघड असतं. (हे शेवटचं ठोक्याच्या फार जिव्हारी लागलं.) अखेर बांबूने आपलं स्टूल उचललं आणि दुसऱ्या टोकाच्या खिडकीशी भिंतीकडे तोंड करून मांडलं. अबोला सुरू झाला.

आता अबोला धरणं सोपं आहे. पण एकाच खोलीत, कवळी घासायच्या एकाच मोटरवर आणि एकाच मेणाच्या डब्यावर अबोला धरायचा म्हणजे मध्यस्थ लागतो. तो बांबूने शोधला. ठोक्याची बायको.

ठोक्याची बायको गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षिका होती. रस्त्यात तिच्या फोनची घंटा वाजली.

“वहिनी, जरा ठोक्याला सांगा, मेण संपलंय.”

“भाऊजी, ते कुठे आहेत?”

“हा काय, माझ्या पाठीमागेच.”

“मग मला कशाला... अहो ताई, ब्रेक! ब्रेक म्हणतेय मी, तो ब्रेक नाहीये! भाऊजी, फोन ठेवा.”

मग ठोक्याचा फोन. “अगं, त्याला म्हणावं, मेण गेल्याच आठवड्यात आणलं होतं. खातो का काय?”

“अहो, माझ्या शेजारच्या बाईंनी आत्ता गाडी दुभाजकावर चढवलीय. मी खाली उतरून रहदारी थांबवतेय. आणि तुम्ही मला मेण सांगताय?”

त्या संध्याकाळी बायको घरी आली ती चपला आपटतच. “काय झालंय तुम्हां दोघांना?”

ठोक्याने अगदी पहिल्यापासून, शांतपणे, समजावून सांगितलं. बायको शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“म्हणजे एक गाणं पहिलं की चौथं, यावरून?”

“तसं म्हटलं तर तसं. पण मुद्दा तत्त्वाचा आहे.”

“तत्त्वाचा,” बायको म्हणाली आणि कणकेचा डबा इतक्या जोरात उघडला की झाकण ओट्याखाली गेलं.

इकडे बांबूने आपली वेगळी क्रमवारी करून परस्पर मुलीला पाठवली होती. तिचा फोन आला. “बाबा, काकांची पण यादी आली. तुमचं पहिलं त्यांच्याकडे शेवटचं आहे. आता खरी कुठली?”

“माझी.”

“काका पण हेच म्हणाले. जाऊ दे बाबा, मैत्रिणीने दुसराच बँड ऐकायला घेतलाय.”

भांडण ज्या कारणासाठी पेटलं, ते कारणच असं उठून गेलं. शहाणा माणूस इथे थांबला असता. ठोक्या थांबला नाही. त्याने बँडची होती नव्हती ती सगळी गाणी क्रमवारीत घ्यायचं ठरवलं, म्हणजे इंजिन चौथ्यावरून आणखी खाली ढकलता येईल.

याच धामधुमीत ठोक्याच्या सासूबाईंची कवळी फुटली. तोंड धुताना हातून निसटली, बेसिनवर आपटली आणि दोन तुकडे झाले.

सासूबाई शेजारच्याच गल्लीत राहत. मुलींच्या शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. एके काळी त्यांनी नुसता चष्मा वर केला की अख्खं पटांगण गप्प होत असे. निवृत्तीनंतर शाळेने पहिल्यांदाच त्यांची आठवण काढली होती. नव्या सभागृहाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि त्यांचं भाषण होतं. कधीपासून त्या आरशासमोर उभ्या राहून ते भाषण म्हणून बघत होत्या. आता दातांशिवाय ‘शिस्त’ हा शब्द ‘फिफ्त’ असा येत होता, आणि भाषणाचा विषय शिस्त हाच होता.

“जावईबापू,” त्या कष्टाने म्हणाल्या, “फनिवारी आहे.”

“आई, काळजीच सोडा. घरचं काम आहे.”

घरचं काम म्हटलं की ते कसं होतं, हे घरच्यांनाच ठाऊक. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी ठसे घेतले आणि त्या परगावी गेल्या. ठोक्याने जीव ओतून वरची कवळी केली. बांबूनेही जीव ओतून खालची केली. (सासूबाईंवर त्याचाही जीव होता, वर्षानुवर्षं तो त्यांच्याकडे जेवला होता.) दोन्ही कवळ्या एकेकट्या पाहिल्या तर दागिन्यासारख्या. फक्त दोघांनी एका टेबलाशी बसून, मधे निळा कागद धरून करायचं काम तेवढं राहिलं. कारण त्यासाठी कुणीतरी ‘जरा इकडे ये’ म्हणायला हवं होतं. ठोक्याला वाटलं बांबू म्हणेल. बांबूचंही तसंच.

शुक्रवारी सासूबाईंनी कार्यशाळेत येऊन कवळी चढवली आणि तोंड उघडमीट केलं. टक्.

“वाजतेय का हो ही?”

“नवी आहे आई,” ठोक्या ठामपणे म्हणाला. “नवा बूट चावतो, तशी नवी कवळी वाजते. रुळेल.”

खिडकीकडे तोंड करून बसलेल्या बांबूने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते पाठीमागून कळलं नाही.

शनिवारी सभागृह भरलं. पुढे पाहुणे, मधे मुली, मागे पालक. ठोक्याची बायको पुढे आईजवळ बसली. ठोक्या उशिरा पोचला, शेवटच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्या शेजारी कोण असणार? दोघांनी एकमेकांकडे न पाहण्याची शिकस्त केली.

सासूबाई ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या. चष्मा वर केला. सभागृह गप्प झालं.

“विद्या-टक्-र्थिनींनो,” त्या म्हणाल्या.

ध्वनिक्षेपक नवा होता. शाळेने चांगल्यातला घेतला होता. कवळीचा प्रत्येक आवाज त्याने जपून उचलला आणि चारही भिंतींवरच्या कर्ण्यांतून सोडला.

“शिस्त-टक् म्हणजे टक्-टक् भीती नव्हे. शिस्त टक् म्हणजे टक्-टक् सवय. टक्.”

मधल्या रांगांत मुली ओठ चावून बसल्या होत्या. सासूबाई मात्र हटल्या नाहीत. उलट आवाज झाकावा म्हणून त्यांनी बोलण्याचा वेग वाढवला आणि टकटकही वाढली. टक्, टक्-टक्, टक्. टक्, टक्-टक्, टक्. मुलींच्या रांगेत कुणाचा तरी पाय हळूच त्याच ठेक्यावर हलायला लागला. मग दुसरीचा.

ठोक्या मान खाली घालून बसला होता. एवढ्यात कानाशी आवाज आला, अबोल्यानंतरचा पहिला.

“दीपस्तंभ,” बांबू पुटपुटला. “मधला ड्रम. हुबेहूब.”

ठोक्याने कान दिला. ठेका त्याच्या रक्तात होता. त्याला खोटं बोलवेना. “नाही रे. हे इंजिन आहे. सुरुवातीचं.”

“दीपस्तंभ आहे म्हणतोय ना!”

“अरे, मला शिकवू नकोस. इंजिन!”

“तुझंच गाणं मी ओळखतोय आणि तू...”

“आणि तुझं मी! माझं काही चुकलं का?”

दोघं एकदम थांबले. बांबूला हसू फुटलं. ते दाबायला त्याने रुमाल तोंडात कोंबला, तर ते नाकातून बाहेर पडलं. मग ठोक्यालाही आवरेना. पन्नाशी उलटलेले दोन इसम एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून गदगदा हलत होते.

टकटक थांबली.

“शेवटच्या रांगेतले ते दोघं,” ध्वनिक्षेपकातून आवाज आला. “तो टकल्या, आणि तो उंच. उभे राहा.”

नातं, मानपान, जावईबापू, सगळं बाजूला पडलं होतं. ठोक्या उभा राहिला. बांबूही राहिला, आणि उंच असल्याने जास्तच दिसला. सगळं सभागृह वळून बघत होतं. पुढच्या रांगेत ठोक्याच्या बायकोने पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

“इतका विनोद कशात आहे, तो आम्हांलाही टक् सांगा.”

“काही नाही, बाई,” दोघं एका सुरात म्हणाले.

“मग बाहेर. टक्.”

बाहेरच्या व्हरांड्यात दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मुली बाकं बडवत होत्या.

“निळा कागद लावायला हवा होता,” ठोक्या म्हणाला.

“तू बोलावशील म्हणून थांबलो होतो.”

“मीही.”

समारंभ संपला तसं दोघांनी सासूबाईंना गाडीत घातलं आणि थेट कार्यशाळेत नेलं. गाडी बायको चालवत होती. तिच्या गिअर बदलण्यावरूनच सगळं कळत होतं.

कार्यशाळेत सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या. बांबूने कागद धरला, ठोक्याने मोटर चालवली. चावा, उघडा, पुन्हा चावा. निळे डाग कमी कमी होत गेले आणि शेवटी कवळी अशी मिटली की दार लागावं पण कडी वाजू नये. “शिस्त,” सासूबाईंनी म्हणून पाहिलं. “शिस्त. सुशिक्षित शिष्या.” कुठे टक् नाही.

त्यांचा राग थोडा निवळलेला पाहून ठोक्या हात पुसत म्हणाला, “आई, चूक आमची. पण तुम्हीच सांगा, दोन गाणी आहेत...”

“अहो!” बायको ओरडली.

“असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “आयुष्यभर मुलींच्या भांडणांचे निवाडे केलेत मी. लावा. पण नीट ऐकेन, आणि मग माझा शब्द शेवटचा. कबूल?”

दोघांनी कबूल केलं. बांबूने खिडक्या बंद केल्या, ठोक्याने आवाज वाढवला. सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले, हात जोडून घेतले. दीपस्तंभ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं, ड्रमसकट. लागोपाठ इंजिन वाजलं, गिटार किंचाळली, वरचे भाडेकरू जिन्यापर्यंत येऊन गेले. सासूबाईंनी मधे एकदाही डोळा उघडला नाही. शेवटचा झंकार विरला तेव्हा दोन्ही भागीदार श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

सासूबाईंनी डोळे उघडले. चष्मा चढवला. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि समजूतदारपणे मान डोलावली.

“जरा लांबलंय,” त्या म्हणाल्या, “पण ठीक आहे. हं, आता दुसरं लावा.”