भुजंगकाकांचा काळा काकाकुवा

बदनापुरात भुजंगकाकांच्या दुकानात बियाणं घ्यायला गेलात, तर आधी ऑस्ट्रेलियातल्या एका पक्ष्याची माहिती घ्यावी लागते. पिवळ्या शेपटीचा काळा काकाकुवा. काकांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. अख्ख्या तालुक्यात कुणीच पाहिलेला नाही.

मी शेजारीच राहतो, त्यामुळे माझं पाठांतर पक्कं. हातभर लांब, कोळशासारखा काळा, गालावर पिवळा ठिपका. "हळद लावलेला नवरदेव, बिलकुल!" मुक्काम ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात आणि खाली टास्मानिया बेटावर. "पश्चिमेकडं शोधाल तर न्हाई भेटायचा," काका बजावतात. जसा काही मी पिशवी घेऊन निघालोच आहे!

वर्गीकरण ते भावकीच्या वाटणीसारखं सांगतात. "पहिले लाल शेपटीवाल्यासंगं एकाच वंशात नांदत होता. मंग शास्त्रज्ञांनी बराबर तपासलं आन् ह्याची चूल वेगळी मांडली. ह्या नव्या घराला झांडा म्हन्तेत आता. पश्चिमेकडचे दोघं पांढऱ्या शेपटीवाले ह्याच्याच घरातले. पर कुळ सगळ्यांचं एकच, काकाकुव्याचं!"

गेल्या हंगामात एक शेतकरी बोंडअळीवर औषध मागायला आल्ता. काका म्हणाले, "आमचा पक्षी झाडाचं खोड फोडून अळी वढून काढतो. फवारणीचं नावच न्हाई."

"मंग औषध ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "दोन पक्षीच बांधून द्या."

काका चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

परवा रविवारी सकाळी मी त्यांची शिडी परत करायला गेल्तो. काका फोन समोर ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. मेलबर्नला राहणाऱ्या सुनंदाचा, त्यांच्या लेकीचा, फोन यायचा होता. न विचारताच म्हणाले, "पोरीसंगं सगळं तुझी काकूच बोलायची. ती गेली, मंग सुनंदा विचारायची, 'अण्णा, जेवलात का?' मी म्हनायचो, 'हो.' पुढं मला काही सुचायचंच न्हाई. एकदा ती म्हन्ली, 'समोरच्या झाडावर मोठे काळे पक्षी येतेत, कोनते असतील?' मी शोधून काढलं. त्या दिवशी तासभर बोललो आम्ही."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर एक उंच झाड दिसलं.

"अण्णा, आज एक बी आला न्हाई," सुनंदाचा आवाज आला. "झाड रिकामंच हाय."

काकांनी पक्ष्याची माहिती लिहिलेली टिपणवही उघडली आणि मिटली. आज सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"असू दे," ते घाईनं म्हणाले. "तू फोन ठिवू नको फक्त."

मी शिडी भिंतीला टेकवून हळूच दाराकडे वळलो. फोनमधलं झाड हललं आणि त्या जागी सुनंदाचा चेहरा आला.

"अण्णा, मला आईची लई आठवण येऊन राह्यली."

काकांनी चष्मा काढला. म्हणाले, "मला बी."