दाराला हात लावून परत

त्या दीड खोलीत दार पूर्ण उघडायचं तर आधी शिलाईमशीन सरकवावं लागे, आणि मशीन सरकवलं की ओटा अडे. कोणी बाई माप द्यायला आली की घरच्या पुरुषाने जिन्यात जाऊन उभं राहायचं. हा पुरुष नोंदणी कार्यालयात अर्ज तपासायचा. वीस वर्षांत त्याच्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या खेपेला पुढे सरकला नव्हता. कुठे तारीख पुसट, कुठे सही रेघेच्या बाहेर. काहीच सापडलं नाही, तर तो कागदाची घडी चुकीची आहे म्हणून अर्ज परत करी. कचेरीत त्याला त्रुटीराव म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हटलं असतं, तर त्याने त्या नावातही त्रुटी काढली असती.

"गावात घर मिळतंय," एका संध्याकाळी बायको म्हणाली. गाव म्हणजे बसने तासाभरावरचं, दोन बाजारपेठा आणि एक मोठा दवाखाना असलेलं. "तीन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं टेबल मधोमध बसेल. घरमालकीण त्या दवाखान्यात नर्स होती. तिने शब्द टाकलाय. गणवेश, चादरी, पडदे, सगळं काम मला मिळेल. फक्त शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं."

"आणि माझी कचेरी?"

"कचेरीला कोण उचलून नेतंय? तुम्ही बसने जायचं. निम्मं गाव जातं रोज."

"निम्मं गाव मूर्ख असू शकतं," त्रुटीराव म्हणाला. "चाचणी घ्यावी लागेल. पाच दिवस ये-जा करून बघतो, मग ठरवू."

बायकोला आनंद झाला. पंधरा वर्षं ती जमिनीवर कापड पसरून, गुडघ्यावर रांगत कापत आली होती. "मग आठवडाभर नर्सबाईंकडेच राहा. त्या नाही म्हणणार नाहीत."

"करार झाल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात राहणं नियमात बसत नाही. मी इथेच राहणार."

"अहो, पण गावातून शहरात यायचं, तर आधी गावात असायला नको का?"

"असणारच. पहाटे पावणेसहाच्या बसने जाणार."

बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. "म्हणजे इथून तिथे जाणार, आणि तिथून परत इथे येणार?"

"मग? न जाता कसा येणार?"

वेड्याला बांधून ठेवता येतं, शहाण्याला समजावता येतं. नियमाने वागणाऱ्या मूर्खाचं काय करायचं, हे अजून कोणाला सापडलेलं नाही. बायकोने कात्री पुन्हा उचलली.

सोमवारी पावणेसातला त्रुटीराव गावात उतरला. घर शोधलं. घराला कुलूप होतं. प्रवास नेमका कुठून सुरू होतो याबद्दल शंका राहू नये म्हणून त्याने दाराला तळहात टेकवला, घड्याळ पाहिलं, वहीत वेळ लिहिली आणि पाठ फिरवून चालू लागला. शेजारच्या अंगणात नर्सबाई दात घासत होत्या.

"कोण पाहिजे?"

"कोणी नको. मी निघालोय."

"कुठून?"

"घरातून."

"कोणाच्या?"

"ते अजून ठरायचंय," असं म्हणून तो बस गाठायला पळाला. नर्सबाई तोंडातला फेस गिळून बसल्या.

संध्याकाळी तो पुन्हा आला, दाराला हात लावला, 'घरी पोहोचलो' असं लिहिलं आणि घरी जायला पुन्हा बस धरली. जाणारी आणि परतणारी बस एकच, कंडक्टरही एकच. पहिल्या दिवशी त्याने आपुलकीने विचारलं, "काका, काही विसरलं का?" मंगळवारी म्हणाला, "आज पण?" बुधवारी त्याने विचारणं सोडलं आणि मागच्या सीटवरच्या लोकांना डोळ्याने खुणावलं.

पावणेपाचला उठणारा माणूस कचेरीत किती वेळ जागा राहणार? बुधवारी दुपारी त्रुटीरावचे डोळे मिटायला लागले. शिक्का मात्र हातात होता, आणि हाताला सवय होती. पेंगता पेंगता त्याने एक अर्ज मंजूर केला. मग दुसरा. रांगेतल्या माणसाने बाहेर जाऊन फोन लावला, "असशील तसा ये! त्रुटीराव झोपलाय!" तासाभरात रांग जिन्याखाली गेली. लोकांनी पाच-पाच वर्षं कपाटात सडलेले अर्ज आणले. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस मंजूर झाले. साहेब स्वतः टेबलापाशी आले.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"चाचणी चालू आहे, साहेब."

"कसली?"

"घराची. सकाळी जाऊन हात लावून येतो."

साहेबांनी शिक्का उचलून स्वतःच्या खणात ठेवला.

गावातही शांतता नव्हती. गुरुवारी सकाळी त्या गल्लीत पाच-सहा निवृत्त मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. "आला, आला! सात मिनिटं उशीर!" "आज डावा हात लावला बघ." एकाचं म्हणणं, हा चोर आहे, घर हेरतोय. दुसरा म्हणाला, "चोर एवढा बावळट असता तर आपण कुलपं कशाला लावली असती?" नर्सबाईंनी त्रुटीरावला थांबवलं आणि सरळ मनगट धरून नाडी मोजली.

"दिवसातून किती वेळा हात लावावासा वाटतो?"

"दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी."

"नाही लावला तर अस्वस्थ वाटतं?"

"वाटणारच. मग सगळा हिशोब चुकेल."

"घरी कोण असतं?"

"बायको. तुमच्या दवाखान्याचं शिलाईकाम घेणार आहे ती."

नर्सबाईंनी मनगट सोडलं. तासाभराने बायकोचा फोन वाजला. "अगं, तू आधी सांगायचं नाही का? औषध चालू आहे का त्यांना? हे बघ, भिंतीला भिंत लागून आहे. मी काही या वयात जोखीम घेणार नाही. घराचं राहू दे."

बायकोने हातातलं काम टाकलं आणि शुक्रवारी दुपारच्या बसने गाव गाठलं. दीड तास ती नर्सबाईंसमोर बसून होती. काय काय सांगितलं, ते तिलाच माहीत. उठताना नर्सबाई म्हणाल्या, "माणूस निरुपद्रवी दिसतो खरा. पण घर मी तुला देते, बाई. त्यांना नाही. करारावर तुझी एकटीची सही."

"द्या इकडे पेन," बायको म्हणाली.

शनिवारी त्रुटीरावने वही उघडली, घसा साफ केला आणि उभं राहून वाचलं. "पहाटे पावणेपाचला उठावे लागते. रोज चार तास बसमध्ये जातात. रात्रीचे जेवण साडेआठच्या आत होत नाही. कचेरीतील कामावर गंभीर परिणाम होतो. निष्कर्ष : सदर गावातून शहरात रोज ये-जा करणे माणसाला अशक्य आहे." खाली सही होती.

"अहो, चार तास लागले, कारण तुम्ही इथे राहत होतात. तिथे राहिलात तर दोनच लागतील."

"अनुभव मी घेतलाय की तू? पाच दिवस हाडं खिळखिळी झाली माझी. सही झालेला निष्कर्ष बदलता येत नाही."

बायको वाद घालायला बसलीच नाही. रविवारी नऊ वाजता टेम्पो आला. आधी मशीन गेलं, मग कापडाचे गठ्ठे, मग भांडी, मग गॅसची शेगडी.

"अगं, आणि मी?" मोकळ्या खोलीत उभं राहून त्रुटीरावने विचारलं.

"तुम्हाला अशक्य ते करायला मी कशी लावणार? तुम्ही इथेच राहा. जेवायला मात्र या."

याला आता आठ महिने झाले. दवाखान्याचं काम वाढलं, बायकोने हाताखाली दोघी ठेवल्या. त्रुटीराव आपल्या निष्कर्षावरून तसूभर हललेला नाही. तो शहरातच राहतो. पहाटे पावणेसहाच्या बसने गावात जाऊन चहा-नाश्ता करतो, डबा घेतो आणि कचेरीला येतो. संध्याकाळी गावात जाऊन जेवतो आणि शेवटच्या बसने झोपायला शहरात परततो.

परवा कंडक्टरला राहवलं नाही. "काका, एवढ्या चार फेऱ्या मारण्यापेक्षा सरळ गावात राहायला का जात नाही?"

त्रुटीरावने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुझं काय जातंय बोलायला? तिथून रोज ये-जा कोण करणार?"