ढकलगाडीत अडकलेली बाई

रविवारी नाणे मंडळात मिरवायचं म्हणून मी शनिवारीच माझा १९०० सालचा चांदीचा फ्रँक अल्बममधून काढला आणि दारापाशी, बुटांच्या कपाटावर ठेवला. (विसरू नये म्हणून. ही माझी हुशारी.) त्या सालचे फ्रँक फार थोडे पाडले गेले. हा मिळवायला मला अकरा वर्षं लागली.

दाढी, अंघोळ आणि वर्तमानपत्र आटोपून येतो, तर कपाट रिकामं.

"गिस्लेन, इथली बाई कुठे गेली?" मी बायकोला विचारलं. (त्या फ्रँकवर बी पेरणारी बाई असते.)

"कोण बाई?" स्वयंपाकघरातून थंड आवाज आला.

"चांदीची गं. कपाटावर होती."

"ते नाणं होय? सामान आणायला निघाले तर सुटा युरो मिळेना. दुकानातली ढकलगाडी नाण्याशिवाय सुटत नाही, मग तेच घातलं तिच्या फटीत. काय चपखल बसलं!"

"मग परत काढलंस ना?"

"कशाला? बाहेर एका माणसाला गाडी हवी होती. त्याने मला युरो दिला, मी त्याला गाडी दिली. फायदाच की, फिरमँ."

मी घरातल्या सपातांवरच धावलो. दुकानाबाहेर शंभरेक गाड्या. जागेवर नेऊन पुढच्या गाडीची साखळी लावल्याशिवाय कुठलीच आतलं नाणं सोडत नाही. शेवटी सामान भरून निघालेल्या प्रत्येकासमोर मी उभा राहू लागलो. "द्या, मी ठेवतो तुमची गाडी जागेवर." लोक माझ्या सपातांकडे बघत आणि हळूच म्हणत, "नाणं राहू द्या तुम्हालाच."

विसाव्या गाडीतून माझी बाई बाहेर पडली. ती गाडी एव्हाना एका आजींकडे गेली होती. त्या म्हणाल्या, "ठेव बाळा, पाव घे." मी त्यांचे दोन्ही गाल चुंबले.

सोमवारी कचेरीत माझ्या टेबलावर खोकं. आत शेवया, मटारचे डबे, सार्डिन माशांचे डबे.

"लाजू नका," शेजारच्या टेबलावरच्या मादाम कोलीनो कुजबुजल्या, "शनिवारी पाहिलं मी तुम्हाला."

मी सगळं समजावून सांगितलं. चांदीचा फ्रँक, १९०० साल, पेरणारी बाई. त्यांनी डोळे पुसले आणि इतरांकडे वळून म्हणाल्या, "डोक्यावरही परिणाम झालाय."

संध्याकाळी साहेबांनी बाजूला घेऊन आपला जुना कोट हातात ठेवला. मी ताठ मानेने नाकारणारच होतो. पण आधी घालून पाहिला, आणि तो माझ्या सणासुदीच्या कोटापेक्षा चांगला निघाला.